बायर्न तिकीट, चार व्याही आणि चुकीचं तळं

म्युनिकला लेकीकडे अडीच महिने राहायला गेलो, तेव्हा जावयाचे आई-वडीलही नागपूरहून त्याच सुमारास आले. मुलं दिवसभर ऑफिसात आणि घरात आम्ही चार व्याही-विहिणी. पहिला आठवडा एकमेकांना ‘अजून एक पोळी घ्या ना’ म्हणण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात जावयाने बायर्न तिकिटाची युक्ती सांगितली आणि आम्ही सुटलो. मागून जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून आमचे घोळ आणि शहाणपण दोन्ही लिहून ठेवते.

बायर्न म्हणजे आपण ज्याला बव्हेरिया म्हणतो ते राज्य. तिथे एका दिवसासाठी, एक ते पाच माणसांत मिळून हे एकच तिकीट निघतं. पहिल्या माणसाचा दर जास्त, पुढच्या प्रत्येकामागे थोडी भर. आम्हा चौघांत माणशी पंधरा-सोळा युरो पडले. दर बदलत असतो, निघण्याआधी जर्मन रेल्वेच्या ॲपवर पाहून घ्या. सहा वर्षांखालची मुलं फुकट. आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही उपनगरी गाडी, शिवाय म्युनिकची मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र ते चालत नाही. त्यात चुकून चढलात तर तुम्ही बिनतिकीट. त्यामुळे ॲपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्या दिसतील अशी सोय एकदाच मुलांकडून करून घ्या.

तिकिटावर प्रत्येकाचं नाव लागतं. मशीनमधून काढलं तर पेनाने लिहायचं. आमच्यात अक्षर व्याह्यांचं चांगलं, म्हणून ते काम त्यांच्याकडे. निवृत्त माणसाला अधिकृत कागदावर लिहायला मिळालं की चेहरा कसा खुलतो, ते मी पाचही वेळा पाहिलं. तपासनीस नावं पासपोर्टशी ताडून पाहतो, तेव्हा पासपोर्ट बरोबर हवाच.

आता खरी मेख. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी 9 ला सुरू होतं आणि रात्री उशिरा, दुसऱ्या दिवशीच्या पहाटे 3 पर्यंत चालतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासूनच चालतं. पण 9 ची अट फक्त रेल्वेला नाही, घरून स्टेशनापर्यंतच्या मेट्रोलाही आहे. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहाने पावणेनऊला मेट्रोच्या जिन्यापाशी हजर. जावयाने फोनवरून बजावलं, ‘आई, नऊ वाजेपर्यंत खालीच उतरू नका, 60 युरो दंड आहे.’ पंधरा मिनिटं चौघं जिन्याच्या तोंडाशी उभे. व्याही म्हणाले, ‘काहून एवढ्या लवकर निघालो आपण?’

या अटीमुळे नऊनंतरच्या पहिल्या गाडीला सगळे पासवाले एकदम लोटतात. फ्युसेनची गाडी तर खच्चून भरते. वीस मिनिटं आधी फलाटावर उभं राहा. खिडकीतून रुमाल टाकायची सोय नाही, खिडक्या उघडत नाहीत.

फ्युसेनला जायचं ते नॉयश्वानस्टाइनचा किल्ला पाहायला. किल्ला म्हणायचं एवढंच, आपल्या लेखी तो राजवाडा. प्रवास साधारण दोन तास. काही गाड्या थेट आहेत, काहींत वाटेत बदलावं लागतं. स्टेशनाबाहेरून होहेनश्वांगाउ गावाची बस मिळते, तीही याच तिकिटात. म्हणजे कामाच्या दिवशी तुम्ही पायथ्याशी दुपारी बाराच्या आत पोचत नाही. राजवाड्याचं तिकीट वेगळं आणि वेळ ठरलेली. वेळ हुकली की तिकीट गेलं. घरूनच ऑनलाइन काढा आणि दुपारी दोननंतरची वेळ घ्या. वर जायला तीस-चाळीस मिनिटांचा चढ आहे. घोडागाडी मिळते, पण तीही दारापर्यंत सोडत नाही, शेवटचा चढ पायीच. आत जेमतेम अर्ध्या तासाची फेरी, तीही पायऱ्या चढत-उतरत. विहीणबाईंचे गुडघे दुखतात, त्या खालीच थांबल्या आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आत फोटो काढू देत नाहीत.

दुसऱ्या लुडविग राजाने 1869 मध्ये बांधायला घेतलेला हा वाडा तो 1886 मध्ये गेला तेव्हाही अपुराच होता. एकांतासाठी बांधलेला वाडा त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना उघडला. 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेलाय, तेव्हा गर्दी कमी होण्याची आशा सोडा. मला विचाराल तर आतल्या सोनेरी खोल्यांपेक्षा दरीवरच्या मारियेन पुलावरून दिसणारा वाडा जास्त लक्षात राहतो.

आता तळ्याची गोष्ट. टेगर्नझे हे म्युनिकच्या दक्षिणेचं प्रसिद्ध तळं, गाडीने तासाभरावर. त्या बाजूच्या गाड्या मुख्य स्टेशनातून सुटतात, पण त्यांचे 27 ते 36 हे फलाट बाजूला, मोठ्या छपरापासून लांब आहेत. चालायला दहा मिनिटं धरा. आम्ही धरली नव्हती. धावतपळत पोचलो, पाटीवर टेगर्नझे वाचलं आणि समोर दिसला त्या डब्यात शिरलो. स्थिरस्थावर होऊन तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. होल्त्सकिर्शेनला गाडी बराच वेळ थांबली, जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक घोषणा झाली, एक धक्का बसला. पुऱ्यांकडे लक्ष होतं.

पुढे एक स्टेशन आलं, शेजारी तळं. उतरलो. फोटो काढले. विहीणबाई म्हणाल्या, ‘फोटोत पाहिलं त्यापेक्षा लहान नाही का हो वाटत?’ हे म्हणाले, ‘फोटोत सगळंच मोठं दिसतं.’ तेवढ्यात आमची गाडी आल्या दिशेनेच उलटी निघाली. तेव्हा स्टेशनाची पाटी वाचली: श्लियरझे.

झालं असं की, ही एक गाडी म्हणजे खरं तर तीन गाड्या. होल्त्सकिर्शेनला तुटून एक तुकडा श्लियरझेवरून बायरिशत्सेलला जातो. उरलेली गाडी पुढे शाफ्टलाखला पुन्हा तुटते. एक तुकडा टेगर्नझेला, दुसरा लेंगग्रीसला. डब्याच्या बाहेर आणि आत त्या त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. फलाटावरची पाटी नाही, डब्यावरची पाटी वाचायची. येताना ही काळजी नाही, तुकडे परत जोडले जातात.

साधं तिकीट असतं तर हळहळ वाटली असती. इथे खिशात दिवसाचा पास होता. तळ्याकाठी बाकावर दुपार काढली, बदकं पाहिली, हवं तेव्हा उठलो. टेगर्नझे पुढच्या आठवड्यात पाहिलं. ते जास्त देखणं आणि जास्त गजबजलेलं.

साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत हेच तिकीट चालतं. गावातल्या बसला नाही. जुनं गाव स्टेशनापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मोझार्टच्या जन्मघरासमोरची गल्ली माणसांनी तुंबलेली असते. फोटो काढा आणि सरळ नदीकाठ गाठा. परतताना सीमेवर पोलीस गाडीत चढतात, त्यांनी आमचे पासपोर्ट पाहिले.

महिन्यात चार-पाचपेक्षा जास्त वेळा फिरणार असाल तर डॉइचलांड तिकिटाचाही हिशोब मांडा. जानेवारी 2026 पासून ते माणशी 63 युरो आहे. महिनाभर, सगळ्या देशात, नऊची अट नाही. मात्र ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर तुम्ही घरी परत आल्यावरही पैसे कापले जातील.

आणि हो, गाडीचा दरवाजा आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. हे आम्हाला कळलं ते एक स्टेशन मागे पडल्यावर.