सिडनीचा ईस्टर शो: जिल्ह्यांच्या आरासी पाहायला जाणाऱ्यांसाठी

सिडनी रॉयल ईस्टर शो, म्हणजे ईस्टरच्या सुमारास दरवर्षी भरणारे मोठे शेतकी प्रदर्शन, हे पाळणे, फटाके आणि मुलांच्या खाऊ-खेळण्यांनी भरलेल्या 'शोबॅग' पिशव्या एवढेच आहे, असेच येथील बहुतेक मराठी घरांतून मला सांगण्यात आले होते, आणि त्याच्याच जोडीला 'दुपारी जेवून निवांत निघा, खरी मजा संध्याकाळी असते' असा सल्लाही मिळाला होता. दोन्ही गोष्टी दिशाभूल करणाऱ्या आहेत. पाळणे कुठल्याही जत्रेत असतात. येथे येण्याचे खरे कारण मोठ्या लाकडी घुमटाखाली उभ्या असलेल्या जिल्ह्यांच्या पाच आरासी हे आहे, आणि दुपारी जेवून निघालेल्या माणसाला त्या दिसत नाहीत. त्याला पुढच्यांच्या पाठी दिसतात.

आधी या आरासी काय आहेत ते सांगतो. न्यू साउथ वेल्स राज्याचे उत्तर, मध्य, पश्चिम आणि दक्षिण असे चार विभाग आणि शेजारच्या राज्यातून येणारा आग्नेय क्वीन्सलँड हा पाचवा, असे पाच स्पर्धक असतात. आपल्याकडच्या जिल्ह्यापेक्षा हे विभाग कितीतरी मोठे आहेत. प्रत्येक विभागाचे स्वयंसेवक आपल्या भागातील गावोगावच्या शेतकऱ्यांकडून माल गोळा करतात, त्या वर्षासाठी एक विषय ठरवतात आणि पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड उतार रचतात. खाली भोपळे, सफरचंदे, बटाटे, लिंबे; मधे मधाच्या आणि मुरांब्याच्या बरण्या, लोकर, गव्हाच्या व ओटच्या पेंढ्या; आणि मागच्या उंच भिंतीवर धान्य व बिया चिकटवून केलेले भलेमोठे चित्र. एकेका आरासीत हजारो नग असतात. मालाची प्रत आणि मांडणी या दोन्हींचे परीक्षण होते, आणि विभागांमधली चुरस लुटुपुटीची नसते.

माझे वडील अमरावतीकडचे, जन्मभर कापूस आणि तूर करत आलेले. शेजाऱ्यांनी ज्या आरासीला 'फळांची रांगोळी' म्हटले होते, तिच्यापुढे ते बराच वेळ न बोलता उभे राहिले आणि मग म्हणाले, 'मोठा माल कोणीही आणील. सारखा माल आणणं कठीण.' परीक्षणाचे मर्म नेमके हेच आहे. ताटलीतील सगळी फळे एका आकाराची, एका रंगाची, एकाच पक्वतेची, डागविरहित आणि आपल्या जातीच्या लक्षणांना धरून असावी लागतात. एक टपोरे पण वेगळे फळ सगळ्या ताटलीचे गुण घालवते. वजनावर जिंकणारे राक्षसी भोपळे ही वेगळी स्पर्धा आहे. लोक फोटो त्यांच्याजवळच काढतात, पण त्यांना पाच मिनिटे पुरेत.

पाहताना वरून खाली पाहावे. प्रथम लांब उभे राहून भिंतीवरचे चित्र, मग जवळ जाऊन त्यातला काळा रंग कशाचा आणि पिवळा कशाचा हे ओळखावे, आणि शेवटी खालच्या ताटल्या. धान्याच्या भागात हरभरा दिसला तर थांबा: न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग आणि क्वीन्सलँड येथे तो मोठ्या प्रमाणावर पिकतो आणि त्यातला बराचसा भारतीय उपखंडाकडे जातो. कापसाची बोंडे पाहून वडिलांनी वेचणीच्या मजुरीची चौकशी केली, तेव्हा तेथील स्वयंसेवक काकूंनी सगळी वेचणी यंत्राने होते असे सांगितले. पुढचा अर्धा तास मी दुभाष्या होतो. ही मंडळी विचारले तर मनापासून सांगतात; विचारणारे मात्र फार थोडे.

आता त्या दुपारविषयी. साधारण साडेअकरापासून तीनपर्यंत घुमटाखालचा भाग सहन करण्यापलीकडचा असतो. बाबागाड्या, आरासीकडे पाठ करून फोटो काढणारे, नमुने चाखण्यासाठी लागलेल्या रांगा आणि त्या रांगांना छेदून बाहेर पडू पाहणारे, अशा चारही बाजूंनी रेटा येतो आणि तुम्ही पाहण्याऐवजी सरकत राहता. फरशी कडक आहे, बसायला जागा मोजकी आहे आणि ती कधीच रिकामी नसते. शेवटच्या आरासीपुढे आम्हांला जेमतेम पाय टेकवता आले आणि तिच्यातील लोकर मी पाहिली असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. तेव्हा दारे उघडण्याच्या वेळी हजर राहा, वाटेत कशालाही न भुलता थेट घुमटाकडे जा, आणि अकरापर्यंत पाचही आरासी संपवा. ज्येष्ठांना नेणार असाल तर घडीची छोटी खुर्ची हातात ठेवा. शक्य असल्यास ईस्टरची सुट्टी टाळून कामाच्या दिवशी आणि शोच्या पहिल्या काही दिवसांतच जा, कारण ताज्या मालाचे तेज शेवटपर्यंत टिकत नाही.

खाण्यापिण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: घरून न्या. तहानेने व्याकूळ होऊन एका गाडीवर घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला बाहेरच्या दुकानाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागले, आणि काडीला खोचलेल्या बटाट्याच्या चकतीसाठी जी रक्कम गेली ती ऐकून वडिलांनी तो बटाटा खाण्यास नकार दिला. रिकामी बाटली नेऊन नळावर भरून घ्यावी. पोळीभाजीचा डबा सर्वांत उत्तम. रांगेत उभे राहण्याचा तासही त्याने वाचतो. पिशव्यांच्या दालनात मुलांना आधी रक्कम ठरवून दिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

गाडी नेऊ नका. ऑलिम्पिक पार्कचे रेल्वे स्थानक मैदानाला लागूनच आहे. पॅरामाटाकडून येणाऱ्यांनी लिडकम येथे गाडी बदलावी. या शोचा पहिला सोहळा 1823 मध्ये पॅरामाटा येथेच भरला होता आणि सध्याच्या जागी तो 1998 मध्ये आला, एवढा इतिहास पुरे. गुरांचे गोठे, लाकूडतोडीच्या शर्यती आणि केकची दालने चांगली आहेत. तेथे कोणालाही सल्ल्याची गरज पडणार नाही. फटाक्यांसाठी थांबू नका. ते संपल्यावर सगळे मैदान एकाच वेळी स्थानकाकडे वळते.

विभागांचा मध आणि मुरांबा आरासींलगतच्या विक्रीच्या टेबलांवर मिळतो. तो निघताना घ्यावा, नाहीतर दिवसभर बरण्यांचे ओझे वागवावे लागते. भारतात परत जाणाऱ्या आईवडिलांसाठी घेत असाल तर त्या बरण्या सामानाच्या मोठ्या बॅगेतच भराव्यात. हातातल्या पिशवीत ठेवलेला मध विमानतळावरील तपासणीत काढून घेतला जातो.