छुसॉकची सकाळ आणि माळ्यावरची भांडी

सुवॉनमध्ये राहायला येऊन मला सहा वर्षे झाली. सोलच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर असलेले हे शहर आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींना कारखान्यांमुळे ठाऊक असले, तरी कोरियन माणूस त्याला ‘ह्यो’चे, म्हणजे आई-वडिलांप्रति असलेल्या कर्तव्याचे शहर मानतो. याचे कारण जॉंगजो हा राजा. १७६२ साली त्याच्या आजोबांनी, राजा यॉंगजो यांनी, स्वतःच्या मुलाला, युवराज सादोला, तांदूळ साठवण्याच्या लाकडी पेटीत कोंडण्याची आज्ञा दिली आणि काही दिवसांनी तो त्या पेटीतच मरण पावला. जॉंगजो तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. पुढे गादीवर आल्यावर १७८९ साली त्याने वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली, १७९४ ते १७९६ या काळात येथे ह्वासॉंगचा किल्ला बांधला आणि १७९५ मध्ये आईच्या साठीचा सोहळा याच किल्ल्यातल्या वाड्यात थाटामाटाने साजरा केला. त्या मिरवणुकीची प्रतिकृती आजही शरद ऋतूत निघते आणि घोड्यावरच्या राजाला पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होते.

मी मात्र दर वर्षी राजापेक्षा मागून येणाऱ्या त्याच्या आईची पालखी पाहते. नवरा सासऱ्याच्या आज्ञेने गेला आणि त्यानंतरही त्याच सासऱ्याची सून म्हणून तिला वर्षानुवर्षे जगावे लागले. कोरियन कुटुंबाविषयी जे काही मला समजले आहे, ते बापलेकांच्या गोष्टींतून फारसे समजलेले नाही. सुनांकडूनच समजले आहे.

त्यांपैकी पहिली म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. खालच्या मजल्यावर राहतात, वय सदुसष्ट, माहेर आनदोंगचे. आनदोंग म्हणजे कन्फ्यूशियन आचाराचे माहेरघर, जिथे जुन्या घराण्यांतील थोरल्या मुलाच्या घरी पितरांचे विधी आजही काटेकोरपणे होतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितले, की मला ‘बाई’ म्हणू नकोस, ‘इमो’ म्हण. इमो म्हणजे मावशी. त्यानंतर माझ्या लक्षात आले, की येथे खानावळीत वाढणाऱ्या बाईलाही लोक ‘इमो’ म्हणूनच हाक मारतात. आपल्याकडे भाजीवालीला आणि घरकामाला येणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो, तसेच हे. गंमत अशी, की कोरियन भाषेत आत्यासाठी ‘गोमो’ असा वेगळा शब्द असूनही अनोळखी बाईला गोमो कोणी म्हणत नाही, आणि आपणही भाजीवालीला आत्या म्हणत नाही. आत्या बापाच्या घरची, तिचा मान ठेवावा लागतो, तिचे रुसवे काढावे लागतात. मावशीकडे मात्र बिनहिशेबी माया गृहीत धरता येते. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मी इमोंना मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये समजावून सांगितली, तेव्हा त्या हसता हसता एकदम गप्प झाल्या होत्या.

नात्यांचे शब्द आपल्यासारखेच बारकाईने वेगळे केलेले असले, तरी कोरियन लोक नात्याचे अंतर चक्क मोजतात, आणि हे आपल्याकडे मी पाहिलेले नाही. त्या मापाला ‘छोन’ म्हणतात. आई-वडील आणि मूल यांच्यात एक छोन, सख्ख्या भावंडांत दोन, काकाशी तीन, चुलत भावंडांशी चार. काकाला ‘सामछोन’ म्हणतात त्याचा शब्दशः अर्थच ‘तीन छोन’ असा आहे. नवरा-बायकोत मात्र शून्य छोन. इमोंच्या मते यात मोठी खोच आहे: शून्य म्हणजे मध्ये काहीच नाही इतके जवळ, आणि वेगळे झाले तर मोजायलाही काही उरत नाही इतके लांब. आईकडच्या आजीला ‘वेहाल्मॉनी’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘वे’चा अर्थ ‘बाहेरची’ असा होतो. जिच्या कुशीत मुले वाढतात ती आजी शब्दात तरी बाहेरची राहते.

लग्नानंतर कोरियन बाई आडनाव बदलत नाही, हे कळल्यावर मी आधी भारावून गेले होते. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिण्याची हौस अजून आहे, आणि येथे शतकानुशतके बाई बापाचेच नाव लावते! मग हळूहळू दुसरी बाजू कळली. नाव बदलत नसे, कारण ती सासरच्या कुळातली कधी होतच नसे. सरकारी दप्तरात ‘होजू’ नावाची पद्धत होती, तिच्यानुसार घराचा प्रमुख पुरुष असे, लग्न झालेल्या मुलीचे नाव बापाच्या नोंदीतून कमी होऊन नवऱ्याच्या घरच्या नोंदीत जाई, आणि कर्ता पुरुष गेला की प्रमुखपद बायकोच्या आधी मुलाकडे जात असे, मग तो पाळण्यात का असेना. घटना न्यायालयाने ही पद्धत २००५ साली घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती रद्द झाली. इमोंचे लग्न १९८१ सालचे, म्हणजे त्यांच्या संसाराची सव्वीस-सत्तावीस वर्षे या पद्धतीखाली गेली.

पण कायद्यापेक्षा त्यांना जड गेली ती छुसॉकची सकाळ. छुसॉक हा आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा सण, बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येणारा, म्हणजे आपला पितृपक्ष सुरू होतो त्याच सुमाराला. (२०२५ साली त्यांच्या पंचांगात अधिक महिना आल्याने तो ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागरीलाच आला होता.) त्या दिवशी सकाळी ‘छारे’ हा विधी होतो. पितरांसमोर अन्नाचे मेज मांडायचे, मद्य अर्पण करायचे आणि घरातल्या पुरुषांनी लवून नमस्कार करायचा. आपण श्राद्धात तीन पिढ्यांचे स्मरण करतो, तर परंपरेने चालणाऱ्या कोरियन घरांत चार पिढ्यांपर्यंत जातात. इमो थोरल्या मुलाच्या पत्नी, त्यामुळे सगळे त्यांच्या अंगावर. दोन दिवस आधीपासून पिठात घोळवून तळलेले ‘जॉन’, सारण भरून उकडलेले ‘सोंगफ्यॉन’, भाज्या, मासा, मांस. लाल फळे पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. जे पितर जेवायला येणार ते सगळे नवऱ्याच्या कुळातले. रांधणाऱ्या बायकांपैकी एकीचेही रक्ताचे नाते त्यांच्याशी नाही, कारण त्या कुळाच्या लेकी त्याच सकाळी आपापल्या सासरी जॉन तळत असतात. सणानंतर होणाऱ्या अंगदुखीला आणि चिडचिडीला कोरियन भाषेत रीतसर नाव आहे, त्याचे मराठी करायचे तर ‘सणाचा विकार’ असे होईल.

२०२२ च्या छुसॉकच्या आधी सॉन्गग्युनग्वान या सोलच्या प्राचीन कन्फ्यूशियन पीठाने जाहीर केले, की छारेच्या मेजावर तळलेले पदार्थ असण्याची गरज नाही, नऊच पदार्थ पुरेसे आहेत, आणि लाल फळे पूर्वेला वगैरे नियम मूळ ग्रंथांत सापडत नाहीत. १३९८ साली स्थापन झालेले हे पीठ म्हणजे या बाबतीतला शेवटचा शब्द. इमोंनी वर्तमानपत्रातले ते कात्रण नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवले. “मी चाळीस वर्षे सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते, पीठाने सांगितल्यावर काय करणार?” असे त्या मला म्हणाल्या. पण त्या नऊ पदार्थांवरही थांबल्या नाहीत. सासूबाई २०१६ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत याच घरात, इमोंच्याच हातून सगळे होऊन. त्या असेपर्यंत छारे सोडण्याचा विषय निघणे शक्यच नव्हते. आता इमोंनी नवऱ्याला सांगितले, की जे माझ्या सुनेला मी करायला लावणार नाही ते मीही यापुढे करणार नाही. सून सोलमध्ये नोकरी करते. तिने यातले काहीच मागितले नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते. बंड सुनेने केले असते तर घरात वाद झाला असता. येथे सासूनेच दार आतून लावून घेतले.

साठ-सत्तरीच्या आतबाहेर असलेल्या या पिढीसाठी येथे ‘माछॉ’ असा शब्द निघाला आहे. ‘शेवटचा’ आणि ‘पहिला’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून तो बनला आहे: आई-वडिलांना सांभाळणारी शेवटची पिढी आणि मुलांकडून सांभाळले न जाणारी पहिली. ऐकायला शाब्दिक गंमत वाटली तरी तिच्यामागचे आकडे बोचतात. कोरियात पासष्टीच्या पुढच्या लोकांपैकी जवळजवळ चाळीस टक्के सापेक्ष दारिद्र्यात आहेत, आणि विकसित देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त मानले जाते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाच १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे आज ऐंशीच्या घरात असलेल्या अनेकांना तिचा लाभ नाही किंवा अगदी तुटपुंजा आहे. हाती आलेला पैसा त्यांनी मुलांच्या शिक्षणात घातला, कारण मूल हेच त्यांचे निवृत्तिवेतन होते. आता ती मुलेच कमी होत आहेत. २०२३ मध्ये दर स्त्रीमागे जन्मदर ०.७२ इतका खाली आला होता.

मग कर्तव्य कागदावर उतरू लागले. घर मुलाच्या नावावर करताना ‘आमचा सांभाळ करशील’ असे लिहून घेण्याच्या रिवाजाला येथे ‘ह्यो’चा करार म्हणतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा करार मोडणाऱ्या मुलाला वडिलांचे घर परत करायला लावले. हे वाचून मला आपला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आठवला, त्यातही सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास, परत मिळवण्याची सोय आहे. इमोंना मी तसे सांगितले, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडेही मुले तशीच?” यावर मी काय बोलणार?

माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. पितृपक्षात फोन केला, की भरणी कधी, कावळा लगेच शिवला की नाही, खीर कशी झाली, सगळे तपशिलाने सांगतात. गेल्या वर्षी बोलता बोलता म्हणाल्या, “इथलं मी असेपर्यंत मी बघते, पुढचं तुम्ही तुमचं बघा.” त्यात तक्रार नव्हती, निदान मला ऐकू आली नाही. खरे सांगायचे तर इतक्या लांब असल्याने मला त्या स्वयंपाकातून सुटका मिळालेली आहे आणि ती मला आवडते. इमोंच्या सुनेसारखीच मीही काही न मागता सुटलेली सून आहे.

छारे बंद झाल्यापासून इमो छुसॉकच्या सकाळी आनदोंगला, आपल्या आईच्या थडग्यावर जातात. लग्नानंतर चाळीस वर्षे त्यांना ही सकाळ माहेरी कधी मिळाली नव्हती. सासरचे सगळे आटोपून दुपारनंतर निघायचे आणि पोचेपर्यंत अंधार. आता त्या पहाटेच निघतात, विकतचे सोंगफ्यॉन आणि एक सफरचंद बरोबर घेतात. नवरा गाडी चालवतो.

विधीची लाकडी भांडी, उंच पायांची ‘जेगी’, त्यांनी वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. मागच्या छुसॉकच्या आठवडाभर आधी ती खाली काढायला त्यांनी मला हाताखाली घेतले होते. मी विचारले, सुनेला देणार का? नाही म्हणाल्या. मग टाकून देणार? त्यावर त्या माझ्याकडे नुसते पाहत राहिल्या. आम्ही दोघींनी एकेक भांडे कोरड्या फडक्याने पुसले, त्यांनी ते नव्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि सगळी पुन्हा होती तिथे नेऊन ठेवली.