तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं भरभर कशाला वाजवायचं?

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. मुलाला क्लासला सोडायला आलेले बाबा दारातच विचारतात, "सर, ते इतकं सुसाट वाजवतात, त्यात गाणं कुठं असतं हो?" लग्नात जेवणाच्या रांगेत आत्येभाऊ विचारतो, "अजून तसलंच वाजवतोस का रे, किर्रर्र करून?" आणि क्लासमधली पोरं हाच प्रश्न उलटा धरतात: "सर, स्पीड कधी येणार?" परळला दहा बाय बाराच्या खोलीत मी मेटलची, म्हणजे जोरकस, कर्कश रॉकची, लीड गिटार (गाण्यातली पुढची, सुरांची ओळ वाजवणारी) शिकवतो, त्यामुळे या प्रश्नातून सुटका नाही. एरवी हसून वेळ मारून नेतो. तुम्ही नीट विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मी ऐकलेला पहिला लीड गिटारवाला गिटार वाजवतच नव्हता. तो बेंजो वाजवायचा. अनंत चतुर्दशी, लालबागचा रस्ता, हातगाडीवर जनरेटर आणि दोन कर्णे, आणि बेंजोवर वाकलेला एक बारीक माणूस. बेंजो हे नाव अमेरिकेतल्या वाद्याचं, पण आपल्या बेंजोची जात वेगळी. जपानमध्ये नागोयाला १९१२ साली टाइपरायटरसारख्या बटणांचं ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि मुंबईच्या बेंजो पार्ट्यांनी त्याला पिकअप (तारेचा आवाज कर्ण्यापर्यंत नेणारं यंत्र) लावून रस्त्यावर आणलं. त्या माणसाचा डावा हात बटणांवर आरामात फिरत होता, कारण ओळ सिनेमातली, साधी, सगळ्यांना पाठ. उजवा हात मात्र दिसतच नव्हता, इतका थरथरत होता. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला वाटलं, हा शायनिंग मारतोय.

पुढं स्वतः बेंजोला हात लावला तेव्हा कळलं. तार छेडली की सूर लगेच विझतो. तो जिवंत ठेवायचा तर पुन्हा पुन्हा छेडत राहण्यावाचून इलाज नाही. म्हणजे मी ज्याला स्पीड समजलो होतो, तो त्या माणसाने एकेक सूर धरून ठेवायला केलेला खटाटोप होता.

इलेक्ट्रिक गिटारचं बरोबर उलटं. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल इतका फुगवायचा की लहरीचे शेंडे कापले जातात. मग तार हळू छेडा नाहीतर जोरात, बाहेर येणारा आवाज जवळपास तेवढाच. फायदा असा की सूर विझत नाही, तारेचं वाद्य असूनही सनईसारखा लांबतो. तोटा असा की हलकं-भारी निघून जातं. गवई एकच षड्ज बारीक लावून फुलवत नेतो, सतारिया मिजराबाचा आघात कमी-जास्त करतो. डिस्टॉर्शनचं पेडल पूर्ण पिळून बसलेल्या मेटलवाल्याला तो रस्ता जवळजवळ बंद. मग उरतं काय? तार खेचून सूर वर नेणं, म्हणजे आपली मींड. खेचलेला सूर तिथंच हलवत ठेवणं. सूर मात्रेच्या जरा आधी टाकायचा की जरा मागे. आणि एका मात्रेत किती सूर बसवायचे, ते. आमच्याकडे आवाज लहान-मोठा होत नाही, दाटी कमी-जास्त होते. एकच लांबवलेला सूर ही आमची कुजबुज, आणि मात्रेला सहा सूर ही आरोळी. हे लक्षात आल्यापासून 'वेग महत्त्वाचा की सूर' हा वाद मला 'भाजी महत्त्वाची की मीठ' असा ऐकू येतो.

आता कबुली. बाविसाव्या वर्षी माझं मीठच मीठ झालं होतं.

धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव व्हायचा, १९८६ पासूनचा. तिथं आम्ही स्टेजला चिकटून उभे राहायचो ते गिटारवाल्यांची बोटं बघायला. गाणं कुठलं चाललंय याच्याशी फारसं देणंघेणं नसायचं. घरी येऊन मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून ठेका देणारं यंत्र, लावायचो. मिनिटाला १२० मात्रांच्या ठेक्यावर मात्रेला चार सूर म्हणजे सेकंदाला आठ, १८० वर बारा. वहीत तारखेसमोर आकडा लिहायचो, जिममधली पोरं किलो लिहितात तसा. चाळीत शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "झाला का गं त्याचा मिक्सर बंद?" मला त्यांची कीव यायची.

मग एका मित्राकडे कॉम्प्युटरवर पहिल्यांदा सोलो, म्हणजे गाण्यामधला एकट्या गिटारचा तुकडा, रेकॉर्ड केला. त्यात चार मात्रांची एक उतरती तान होती, मात्रेला सहा सूर, एकूण चोवीस. मित्राने गंमत म्हणून ती अर्ध्या वेगाने लावली. एक सप्तक खाली, म्हैस हंबरल्यासारखी. आम्ही बोटांवर मोजायला लागलो. सतरा भरले. पुन्हा मोजले. सतराच. जिथं जिथं एका तारेवरून दुसरीवर उडी होती, तिथला सूर गिळलेला. डावा हात पुढं पळालेला, उजवा मागून धापा टाकत येतोय, आणि सगळ्या भगदाडांवर डिस्टॉर्शनने पांघरूण घातलेलं. गाण्याच्या बैठकीत ज्याला दाणेदार तान म्हणतात, तिच्यात प्रत्येक दाणा सुटा दिसतो. माझं पीठ पडलं होतं. काकूंचा शब्द अगदी नेमका होता.

त्यानंतर वर्षभर साठच्या ठेक्यावर बसलो. साठवर वाजवताना झोप येते, हे आधीच सांगून ठेवतो.

पण म्हणून 'हळू तेच खरं' असंही मी मानायला तयार नाही. गिटारवाला रँडी ऱ्होड्स घ्या. मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्नबरोबर १९८० आणि १९८१ मध्ये दोन अल्बम केले आणि १९८२ मध्ये विमान अपघातात गेला, तेव्हा वय २५. दौऱ्यावर असताना हा माणूस गावोगावचे क्लासिकल गिटारचे शिक्षक शोधून त्यांच्याकडे शिकवणी घ्यायचा. स्टुडिओत सोलो एकदा वाजवायचा, मग त्याच्यावर तोच सोलो पुन्हा, सूरन् सूर तसाच चढवायचा. सुसाट वाजवलेलं जर दुसऱ्यांदा तंतोतंत तसंच निघत असेल, तर ते हातातून सुटलेलं नाही, बसून रचलेलं आहे. माझ्या पोरांना मी हीच परीक्षा देतो. "वा. आत्ता वाजवलंस ते परत वाजव." बहुतेक जण हसतात.

दुसऱ्या टोकाला स्लेअर हा मेटल बँड. 'रेन इन ब्लड', १९८६, अख्खा अल्बम जेमतेम २९ मिनिटांचा. त्यातले केरी किंग आणि जेफ हानेमन या गिटारवाल्यांचे सोलो गुणगुणता येत नाहीत, कुठल्या सप्तकात धड बसत नाहीत, नुसते किंचाळतात. बेसूर म्हणा हवं तर. पण त्या गाण्यांतून जी भीती आणि हिंसा ओतली आहे, तिथं गोडवा आणला तर तोच खोटा वाटेल. घराला आग लागलेला माणूस यमन आळवत नाही.

आणि सुसाट वाजवणारा यंगवी माल्मस्टीन, ज्याच्या नावाने सगळे खडे फोडतात. स्वीडनचा, पॅगानिनीच्या व्हायोलिनने झपाटलेला. १९८४ मध्ये त्याचा 'रायझिंग फोर्स' आला आणि गिटार शिकणाऱ्या पोरांची एक पिढी वेडी झाली. माझं म्हणणं असं, की दोष त्याच्यापेक्षा त्याची नक्कल करणाऱ्यांचा जास्त. त्याची तान संपते ना, तिथं तो एक सूर धरतो आणि चांगला रुंद हलवत ठेवतो. नक्कलवाल्यांनी तान उचलली आणि तो सूर तिथंच टाकून आले. पुढं लोकांना या सगळ्याचा इतका वीट आला की नव्वदीत सोलो वाजवणं हेच जुनाट ठरलं. मेटालिकासारख्या बँडने २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये एकही सोलो ठेवला नाही. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये मुकाट्याने परत आणले.

त्याच २००८ मध्ये, १ फेब्रुवारीला, आयर्न मेडन या मेटल बँडने आपला दौरा मुंबईतून सुरू केला, बीकेसीच्या मैदानावर. तीन गिटारवाले. 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं आणि माझ्या आजूबाजूचे सगळे गायला लागले. शब्द अजून आलेच नव्हते, लोक गिटारची ओळ गात होते, "ओ-ओ-ओ" करून. सोलो आला तेव्हा अर्थातच गाणं थांबलं, तेवढं भरभर कुणाच्या गळ्यातून निघणार? पण तान उतरून लांब सुरावर टेकली, त्या क्षणी माझ्या शेजारच्या अनोळखी पोराने हात झटकला, अगदी मैफलीत समेवर दाद देतात तसा. त्याने आयुष्यात मैफल ऐकली असेल असं त्याच्या टी-शर्टवरून वाटत नव्हतं.

राहिले 'फील'वाले. "स्पीडमध्ये काय आहे, फील पाहिजे," असं म्हणणाऱ्यांत निम्मे असे असतात की हात चालेनासा झाला आणि फील सुचला. त्यांना मी एकच गोष्ट करायला सांगतो. दुसरी तार, दहावा पडदा. तिसऱ्या बोटाने दाबा, मागे पहिलं-दुसरं बोट आधाराला लावा, आणि तार वर ढकलत न्या, थेट बाराव्या पडद्याचा सूर ऐकू येईपर्यंत. बघा तिथं पोचताय का. परवाच एका मुलाकडून करून घेतलं. बोटाच्या पेराला तारेचा काळा वळ, कपाळावर आठी, आणि सूर केसभर खाली. मी बारावा पडदा वाजवून दाखवला. त्याने पुन्हा खेचली. पुन्हा केसभर खाली, आणि आता तिथंच तो डोळे मिटून सूर हलवायला लागला, मोठ्या भावनेने. मी म्हटलं, "आधी पोच, मग रड." भरभर वाजवलेला चुकीचा सूर निसटून तरी जातो. हळू वाजवलेला बराच वेळ चुकीचा राहतो, एवढाच फरक.

आता दारातल्या बाबांचं. ते भोईवाड्याहून येतात, घर एका खोलीचं, मुलाची दहावी गेल्याच वर्षी झाली. त्यांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की स्पीड लागतो, तो शिकवणारही आहे, पण पुढचं वर्षभर मुलगा घरी अगदी हळू वाजवेल, एकेक सूर, तुम्हाला कंटाळा येईल इतकं हळू. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे घरात आवाज कमी होईल?"

"नाही," मी म्हटलं. "आवाज तेवढाच राहील."