हात न लावता

आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या हरणांच्या वाड्यात रात्री एक पाडस जन्माला आलं. उंच गवतात, कुंपणाच्या कोपऱ्याशी, पोट जमिनीला चिकटवून पडलेलं. मी बाहेरूनच दुर्बीण लावली. श्वास नीट चाललाय, अंग चाटून कोरडं झालंय, आई लांब चरतेय पण तिचा एक कान सारखा त्या कोपऱ्याकडे वळतोय. एवढं वहीत टिपलं आणि पुढे निघाले.

दुपारपर्यंत कितीतरी जणांनी येऊन सांगितलं, "अहो, ते पिल्लू एकटं पडलंय, आईनं टाकलंय बहुतेक." टाकलेलं नाही. पहिल्या दिवसांत पाडसाच्या अंगाला वास फार कमी असतो. आई शेजारी घुटमळली तर तिच्या वासावर शिकारी येईल, म्हणून ती लांब राहते आणि फक्त दूध पाजायला येते. इथे शिकारी नसला तरी ती सावधगिरी तिच्या रक्तातच आहे. आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगाही कासावीस झाला होता. "ताई, निदान सावलीत तरी उचलून ठेवू?" मी त्याला थांबवलं. आत गेलो की अख्खा कळप उधळतो. हरीण घाबरून जिवाच्या आकांताने पळालं, तर स्नायूंची झीज इतकी होते की त्यातून सुटणारी द्रव्यं मूत्रपिंडं बंद पाडतात. तेव्हा धडधाकट दिसलेलं जनावर काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनीसुद्धा दगावतं. म्हणून त्या वाड्यात पळायचं नाही, ओरडायचं नाही, रोज त्याच दारातून, त्याच चालीने जायचं. हाइनी हेडिगर नावाचे स्विस प्राणिशास्त्रज्ञ होते, बर्न, बाझल आणि झुरिक इथल्या प्राणिसंग्रहालयांचे संचालक. प्रत्येक प्राणी माणसाला किती जवळ येऊ देतो आणि कुठून पळ काढतो, ते अंतर मोजायला हवं, हे त्यांनी गेल्या शतकातच मांडलं. ते अंतर पाळणं हे माझ्या मते या नोकरीतलं पहिलं काम. साफसफाई त्यानंतर.

लोकांना वाटतं, आमचा दिवस प्राण्यांना कुरवाळण्यात जातो. दिवस जातो लीद उपसण्यात, हौद घासण्यात, सरकत्या दाराचं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघण्यात. आणि बघत राहण्यात. कोणी किती खाल्लं, काय टाकलं, विष्ठा घट्ट की पातळ, कोण नेहमीच्या जागेवर बसलं नाही. जंगली जनावर आजारपण लपवतं, कारण अशक्त दिसणं म्हणजे मरण. लंगडताना दिसेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. त्यामुळे बरं असतानाचा त्याचा दिवस आपल्याला तोंडपाठ हवा.

आज हत्तिणीच्या पायांचा वार होता. पाळलेल्या हत्तींना पायाच्या दुखण्याने आणि संधिवाताने जितकं छळलंय तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने. कठीण जमिनीवर तासन्‌तास उभं राहून तळव्याला भेगा पडतात, नखांखाली पू होतो, आणि एवढं वजन पेलणारा पाय एकदा बिघडला की जनावर वाचवणं अवघड. पूर्वी हे काम आत जाऊन, अंकुशाच्या धाकाने करत. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅन डिएगोत वेगळी पद्धत बसवली गेली. माणूस कायम जाड गजांच्या अलीकडे, आणि हत्तीला वाटलं तर तो पाय पुढे करणार. आमची हत्तीण खिडकीशी आली, पाय आडव्या पट्टीवर ठेवला, मी कानशीने नखाची कड घासली, आणि मध्येच तिने पाय काढून घेतला. निघून गेली. आम्ही नुसते उभे राहिलो. थोड्या वेळाने स्वतःहून परत आली. नको म्हणायची मुभा आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच ती परत येते, असं मला मनापासून वाटतं.

बिबट्याच्या येरझारा आज कमी होत्या. मांस एकाच जागी न टाकता लाकडांच्या फटींत लपवल्याचा गुण दिसतोय. एक बाई बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "हे प्राणी इथे सुखी असतात का?" मी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. जंगलात ज्यांचा वावर फार मोठ्या टापूत असतो, ते मांसभक्षक बंदिवासात जास्त येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात, असं क्लब आणि मेसन या संशोधकांनी २००३ साली दाखवलंय. म्हणजे काही जातींना आम्ही कितीही केलं तरी पुरं पडत नाही. हे त्यांना सांगितलं. मग लाकडांतली ती मांसाची जागाही दाखवली.

आता गौरीबद्दल. म्हातारी वाघीण. काही आठवड्यांपासून पाणी जास्त पितेय, मांड्या उतरल्यात, काल मांस अर्धं सोडलं. मोठ्या मांजरांना उतारवयात मूत्रपिंडं दगा देतात आणि ही सगळी त्याचीच लक्षणं. नक्की काय ते रक्त तपासल्यावर कळणार. बेशुद्ध करून रक्त काढायचं तर आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर भुलीचा भार. म्हणून कित्येक महिने तिला शिकवत आलो: जाळीला समांतर बसायचं, खालच्या फटीतून शेपटी बाहेर येऊ द्यायची, पुढून एकजण चिमट्याने मांसाचे तुकडे देत राहणार.

आज ती बसली. तिच्या अंगाला माझा हात लागतो तो एवढ्याच जागी. शेपटी मनगटाएवढी जाड, वरचे केस राठ, खालच्या बाजूला मऊ आणि कढत. मी ती ओढत नाही, नुसती तळहातावर धरते, तिला सोडवून घ्यायची झाली तर घेता यावी म्हणून. डॉक्टरांनी केस बाजूला केले, शीर चाचपली, सुई घातली. शेपटीचं टोक एकदा वळलं. गौरीने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि नाकातून हलकं फुरफुरली. वाघ एकमेकांना ओळख देताना करतात तसं. नळी भरली. माझे डोळे भरून आले होते.

रिपोर्ट उद्या येईल. आकडे वाईट आले तर औषध मांसात लपवून देऊ, पाणी जागोजागी ठेवू, आणि एक रोजचा तक्ता सुरू करू: खाल्लं का, स्वतःहून बाहेर आली का, अंग चाटलं का, उन्हात बसली का. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागले की डॉक्टरांशी बसून शेवटचं बोलावं लागेल. तो निर्णय माझ्या मायेवर सोपवू नये, वहीवर सोपवावा, असं मी आजच त्यांना सांगितलं. माया तिला आणखी एक आठवडा, आणखी एक आठवडा करत ठेवेल, आणि तो आठवडा तिला भोगावा लागेल.

तक्ता नव्या मुलाकडून आखून घेतलाय. सकाळची नोंद मी करणार, संध्याकाळची तो. दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं ठरलंय.