तुम्ही विचारलेत म्हणून : बेटे टिकतात कशी, बुडतात कशी

सोलापुरात भूगोल शिकवणाऱ्याला समुद्राविषयी कोणी काही विचारील असे वाटत नाही. तरीही ज्वालामुखीतून वर आलेली काही बेटे टिकतात आणि काही वर्षभरातच नाहीशी होतात ती का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बेट राखेचे की लाव्हाचे, यावर बरेचसे ठरते.

१४ नोव्हेंबर १९६३ रोजी आइसलँडच्या दक्षिणेला, सुमारे १३० मीटर खोल समुद्रातून सुर्त्से हे बेट वर येताना दिसले. तापलेला शिलारस पाण्याला भिडला की पाण्याची एकदम वाफ होते, रसाच्या चिंधड्या उडतात आणि राखेचा भुसभुशीत ढीग साचतो. शेजारीच वर आलेली सिर्टलिंगूर आणि योल्निर ही बेटे अशाच राखेची होती. लाटांनी ती पुसून टाकली. सुर्त्से वाचले, कारण राखेच्या बांधामुळे विवरात पाणी शिरायचे थांबले, १९६४ पासून लाव्हा वाहू लागला आणि राखेवर टणक कवच चढले. तरीही त्याचे क्षेत्र आज जवळपास निम्म्यावर आले आहे.

कवच म्हणजे अमरपट्टा नव्हे. एप्रिल २००७ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन या ज्वालामुखी बेटावरील लाव्हा समुद्रात उतरून किनारा पुढे सरकला. त्याच वेळी आतला शिलारस निघून गेल्याने शिखरावरील विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरवणारा तप्त बिंदू (पृथ्वीच्या पोटातून तापलेले द्रव्य वर येत राहते ती जागा) आज याच रियुनियनखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आपल्याकडच्या एखाद्या नव्या विहिरीत डोकावलात, तर काळ्या मातीखाली मुरूम, मग पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण दिसेल. ते खडे म्हणजे लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून साचलेली खनिजे होत. दोन पाषाणांमध्ये विटकरी पट्टा लागला, तर दोन उद्रेकांच्या मध्ये खडक कुजण्याइतकी सवड मिळाली होती, असे समजावे. (फळ्यावरच्या आकृतीपेक्षा अशी विहीर मला अधिक भरवशाची वाटते.)

भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या बिंदूच्या वाटेवर ज्वालामुखींची रांग उभी राहिली. मालदीव त्याच रांगेत येतो. लाटांना पुरून उरणारे लाव्हाचे डोंगरही, खालचा भूपट्ट थंड होऊन खचू लागला की पाण्याखाली जातात. मालदीवमध्ये ते तसे गेले, आणि प्रवाळांनी वर वर वाढत चुनखडकाचे थर रचले. तेलाच्या शोधात तिथे घेतलेल्या विंधणीला बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण, लागला तो सुमारे दोन किलोमीटर खाली.