हिरवा रकाना

सोमवारची रिव्ह्यू मीटिंग. पडद्यावर माझाच तक्ता, आणि 'वेळेवर डिलिव्हरी'चा रकाना हिरवागार. टेबलाखाली धरलेल्या फोनवर ग्राहकाच्या पर्चेसवाल्याचा तिसरा मेसेज: 'लाइन बंद पडायला आलीय. माल कुठे आहे?'

दोन्ही खरं होतं. आम्ही वेळ मोजायचो ती सिस्टिममधल्या 'कन्फर्म तारखे'वर, आणि ती तारीख पुढे ढकलायचे अधिकार माझ्याकडेच होते. सप्लायरचा माल अडकला की मी तारीख बदलायचे, आणि महिनाअखेरीला आम्ही वेळेवर! यात काही खोटं आहे असं मला वाटतही नव्हतं. सगळेच करायचे.

प्लॅनिंगमध्ये एकवीस वर्षं काढल्यावर चांगली सप्लाय चेन ओळखायची माझ्याकडे एकच खूण उरली आहे: वाईट बातमी किती लवकर वर पोचते. महागडं सॉफ्टवेअर आणि भिंतभर डॅशबोर्ड मागे पडलेल्या कंपन्यांकडेही असतात. कधीकधी जास्तच असतात.

नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, तरी मी ती नव्या पोरांना सांगतेच. १७ मार्च २०००. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीमध्ये वीज पडल्यामुळे फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. दहाएक मिनिटांत विझलीसुद्धा. पण धूर आणि पाणी क्लीन रूममध्ये शिरलं, आणि तिथे धुळीचा कणही चालत नाही. फिलिप्सने दोन्ही ग्राहकांना सांगितलं, आठवड्याभराचा उशीर होईल. निरोप तोच. नोकियाने तो भाग लगेच खास देखरेखीखाली घेतला, रोज फोन सुरू केले, आणि काम आठवड्यात आटोपणारं नाही हे कळताच दुसरीकडची क्षमता अडवून ठेवली. एरिक्सनमध्ये निरोप खालच्या पातळीवरच रेंगाळला. वरिष्ठांना गांभीर्य कळेपर्यंत कित्येक आठवडे गेले, आणि काही महत्त्वाच्या चिप्ससाठी त्यांच्याकडे दुसरा पुरवठादारच नव्हता. नुकसान सुमारे ४० कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी त्यांचा हँडसेटचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. (सगळं त्या आगीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, बाकीची दुखणीही होती.)

मला यात अडकवून ठेवतो तो एरिक्सनमधला खालचा माणूस. त्याने वर का सांगितलं नसेल? मला वाटतं, माझ्याकडे त्याचं उत्तर आहे. आमच्याकडे सप्लायरने उशीर कळवला की दंड, आणि न कळवता उशीर केला तरी दंड तेवढाच. मग कळवेल कोण? तो शेवटच्या दिवसापर्यंत 'मॅडम, गाडी निघाली' म्हणतो. गाडीत माल भरलेला नसतो.

टोयोटा म्हणजे कमीत कमी स्टॉक, एवढंच लोकांनी पाठ केलंय. पण २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी पुरवठादारांचे पुरवठादार शोधून यादी केली, आणि चिप्ससारख्या अडचणीच्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१ मध्ये चिप्सचा दुष्काळ पडला तेव्हा बाकीच्यांच्या लाइनी आधी थांबल्या. टोयोटालाही सप्टेंबरमध्ये उत्पादन घटवावं लागलंच, पण मधले महिने हातात मिळाले. आमच्या मीटिंगमध्ये कुणी 'इन्व्हेंटरी सरसकट दहा टक्के कमी करा' म्हटलं की मला ही यादी आठवते. सरसकट म्हणजे बोल्ट आणि चिप एकाच मापाने.

त्या सोमवारनंतर मी आयटीवाल्यांकडून एक रकाना वाढवून घेतला: ग्राहकाने मागितलेली पहिली तारीख. कुलूपबंद, मलाही बदलता येणार नाही अशी. आणि सप्लायरने आठ दिवस आधी उशीर कळवला तर दंड माफ. हे दुसरं मंजूर करून घ्यायला जास्त भांडावं लागलं.

पहिल्याच महिन्यात तक्ता लालभडक. साहेबांनी विचारलं, "अचानक एवढं काय बिघडलं?"

"काही नाही सर, तारीख बदलायची सोय काढली."

दोन महिने ते माझ्याशी मोजकंच बोलत होते. तिसऱ्या महिन्यात एका सप्लायरचा फोन आला: साचा तडकलाय, बारा दिवस लागतील. माल द्यायला अजून तीन आठवडे होते. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, तर त्यांनी स्वतःच खुर्ची पुढे सरकवली.