दही सेट, धाकटा सेट

"दही अजून सेट नाही झालं, हलवू नकोस!" आई मला ओरडली. आणि त्याच दमात फोनवर मावशीला, "धाकटा पुण्यात सेट झाला गं एकदाचा."

मी चमचा घेऊन तसाच उभा.

1989 च्या ऑक्सफर्ड कोशात 'सेट' या नुसत्या क्रियापदाचेच 430 अर्थ आहेत. मूळ जुन्या इंग्रजीतलं, अर्थ 'बसवणे'. दही काय, धाकटा काय, बसले एकदाचे.

पण कपाटातला डिनर सेट दुसऱ्याच घराण्यातला. लॅटिन 'सेक्टा', फ्रेंचमार्गे आलेला. 'सेक्ट' म्हणजे पंथ, तो याचा सख्खा भाऊ. सहा बश्यांचा पंथ! (एक दिवाळीत फुटली, उरले पाच अनुयायी.)

आजी मात्र 'दही लागलं' म्हणायची. तुमच्याकडे अजून लागतं, की सेटच होतं?